माळरानावरचा कारखाना : लक्ष्मणराव किर्लोस्कर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडील शिकलेल्या तरुणापुढे वाटा मोजक्याच होत्या. सरकारी कचेरीतील कारकुनी, शाळेतील मास्तरकी, घरची थोडी ऐपत असल्यास वकिली किंवा वैद्यकी. लोखंड, लाकूड, तेल आणि कोळसा यांत हात घालणे हे लोहार-सुताराचे काम. ते पांढरपेशा घरातील मुलाने पत्करावे, ही कल्पनाच समाजाला रुचणारी नव्हती. दुसरीकडे, ज्यांचे हात पिढ्यान् पिढ्या त्या कामात मुरले होते, त्यांना नकाशा वाचण्याची किंवा हिशेब मांडण्याची विद्या मिळालेली नव्हती. पुस्तक एकाकडे आणि हातोडा दुसऱ्याकडे अशी ही फारकत होती. आपल्या कारखान्याच्या आवारापुरती तरी ती ज्यांनी मोडून काढली, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत आठवणे उचित आहे. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला पुढे काय करावे हा प्रश्न आजही पडतो, आणि लक्ष्मणरावांच्या आयुष्यात तो एकदा नव्हे, तीन-चार वेळा नव्याने उभा राहिला होता.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही मूळचे याच गावचे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा कानांवर पडत असलेला हा मुलूख. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाने घराण्याच्या परंपरेला साजेसे शिक्षण घ्यावे अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. त्याला दोनच गोष्टींचा ध्यास होता : चित्रे काढणे आणि हाती लागेल ते यंत्र उलगडून पाहणे. वडिलांची नाराजी असतानाही थोरले बंधू रामूअण्णा त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि खर्चाचा भार त्यांनी उचलला. १८८५ मध्ये लक्ष्मणरावांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला.

तेथे दोन वर्षे काढल्यावर एक गोष्ट उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद ओळखता येत नव्हता. ज्याने चित्रकार होण्यासाठी वडिलांचा विरोध सोसला, त्याच्या डोळ्यांतच ते वैगुण्य होते, आणि त्यावर औषध नव्हते. अशा वेळी अनेक जण गावी परततात आणि नशिबाला बोल लावतात. लक्ष्मणरावांनी आपल्याला काय येत नाही याबरोबरच काय येते याचाही विचार केला. रंग गेले तरी रेषा शाबूत होती. मोजमाप, प्रमाण आणि आकृती यांवर त्यांचा हात पक्का बसलेला होता. यंत्रांचे नकाशे काढण्यासाठी रंगांची गरज लागत नाही. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास पुढे चालू ठेवला आणि १८८७ मध्ये नव्यानेच सुरू झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांना नोकरी मिळाली.

या नोकरीने त्यांना पगारापेक्षा मोठी गोष्ट दिली. संस्थेच्या कार्यशाळेतील यंत्रे त्यांना जवळून पाहता आली. विद्यार्थ्यांना कागदावर शिकवायचा भाग प्रत्यक्षात कसा फिरतो, कोठे झिजतो, कोठे अडतो, हे ते न्याहाळत राहिले. याच सुमारास, १८८८ मध्ये, रामूअण्णांबरोबर त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत; गिऱ्हाइकांना त्यावर बसायलाही शिकवीत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव तेव्हापासूनचे. पुढे ज्या नावाने पंप, इंजिने आणि यंत्रे देशभर गेली, त्याचा आरंभ अशा साध्या दुकानातून झाला.

संस्थेत वरची जागा रिकामी झाली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. कातडीच्या रंगावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या त्या राजवटीत हे नवे नव्हते. लक्ष्मणरावांनी तक्रारींचे कागद रंगविण्यात काळ घालविला नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. हातची कायमची नोकरी सोडून, घरसंसार पाठीशी असताना, सायकलींच्या दुकानाच्या भरवशावर असे परत येणे त्या काळी धाडसाचेच होते.

मात्र त्यांना केवळ दुसऱ्यांनी बनविलेला माल विकायचा नव्हता. भोवतालचा समाज शेतीवर जगत होता आणि शेतीची अवजारे शतकानुशतके बदललेली नव्हती. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बनविले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. देशी लाकडी नांगर जमीन उकरतो, पण ती उलथीपालथी करीत नाही. त्यामुळे हराळी आणि कुंद्यासारख्या तणांच्या मुळ्या जमिनीत तशाच राहतात. लोखंडी नांगराचा वक्र पंखा मातीचा थर कापून उलटा टाकतो. लाभ उघड होता. तरीही शेतकरी तो घेईना. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी समजूत दृढ होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे लक्ष्मणरावांच्या जीवनातील सर्वांत मोठे शिक्षण ठरली असावीत. शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. पण ज्याचे वर्षभराचे अन्न एका पेरणीवर अवलंबून आहे, तो नव्या अवजारावर सहजासहजी विश्वास कसा ठेवील? त्याला जाहिरातीतील शब्दांपेक्षा शेजारच्या शेतातील नांगरट पाहायची होती. त्यासाठी नांगर बनविणारा कारागीर पुरेसा नव्हता; तो शेतात नेऊन चालवून दाखविणारा, मोडलेला फाळ बदलून देणारा आणि शेतकऱ्याची अडचण कारखान्यापर्यंत परत आणणारा माणूसही हवा होता. कारखान्यातील काम भट्टीपाशी संपत नाही, ते गिऱ्हाइकाच्या बांधावर संपते, हे लक्ष्मणराव तेथे शिकले.

नांगराचा धंदा थोडा कोठे स्थिरावतो आहे तोच नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. यंत्रे होती, माणसे होती, पण त्यांना ठेवायला जमीन नव्हती. त्या काळात औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांकडे एका मोठ्या सभामंडपाचे बांधकाम सोपविले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि गुणांची पारख असलेले राजे होते. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन कसली, ते निवडुंगाने भरलेले आणि सापांनी व्यापलेले ओसाड माळरान होते. पाणी दुर्मीळ, सावली नाही. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन तेथे उतरले. निवडुंग तोडून, विहीर खणून, छपरे उभारून त्यांनी वसाहतीला आरंभ केला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्थानकानेही हेच नाव धारण केले.

या वाडीत माणसे कशी निवडली गेली, हा लक्ष्मणरावांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. शंभूराव जांभेकर यंत्रे सांभाळणारे अभियंता झाले. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. के. के. कुलकर्णी हे व्यवस्थापक. कोर्टकचेऱ्यांपासून माणसे नेमून त्यांना शिकवून तयार करण्यापर्यंत पडेल ते काम त्यांनी उचलले. मंगेशराव रेगे यांनी कारकुनी आणि हिशेब सांभाळले. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते, पण त्यांची कल्पकता ओळखून लक्ष्मणरावांनी त्यांना यंत्रांच्या कामात वाढू दिले आणि ते कुशल यंत्रज्ञ झाले. रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी नेमली ती माणसे तर पूर्वी दरोडेखोरीचा शिक्का बसलेली होती. ज्याच्यापासून गाव तिजोरी लपवी, त्याच्याच हाती लक्ष्मणरावांनी कारखाना दिला आणि त्या माणसांनी तो विश्वास निभावला. वाडीच्या आवारात स्पृश्य-अस्पृश्य हा भेद पाळायचा नाही, असा दंडक होता. १९१० च्या सुमारास हे आचरणात आणणे किती कठीण होते, याची आज आपल्याला नीट कल्पना येणार नाही.

पदवी किंवा जात पाहून काम न देता, माणूस पाहून काम द्यायचे, आणि काम देऊन माणूस घडवायचा, ही लक्ष्मणरावांची रीत होती. ती केवळ उदारपणातून आलेली नव्हती. कारखान्याच्या गरजेतूनही आली होती. एक बिडाचा नांगर तयार होण्यासाठी किती जणांचे हात लागतात, हे पाहिले म्हणजे ती गरज ध्यानात येते.

प्रथम आरेखक कागदावर प्रत्येक भागाची आकृती मोजमापांसह काढतो. त्यावरून लाकडी नमुना करणारा सुतार, म्हणजे पॅटर्नमेकर, भागाची प्रतिकृती घडवितो. वितळलेले बीड थिजताना आकसते. म्हणून हा नमुना खऱ्या भागापेक्षा शेकडा सुमारे एक या प्रमाणात मोठा ठेवावा लागतो. हे गणित चुकले तर पुढची सारी मेहनत वाया जाते. मग मोल्डर तो नमुना वाळूत दाबून साचा तयार करतो. वाळूत ओल जास्त राहिली तर वाफ कोंडून ओतीव भागात पोकळ्या पडतात, कमी राहिली तर साचा ढासळतो. मुठीत वाळू दाबून ती योग्य आहे की नाही हे तो हातानेच ओळखतो. भट्टीवाला बीड सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून त्याचा रस करतो आणि तो नेमक्या वेळी साच्यात ओतला जातो. निघालेल्या ओतीव भागाच्या कडा घासणारे कामगार, तो कातून योग्य मापाला आणणारा टर्नर, भोके पाडणारा, भाग एकमेकांत बसविणारा फिटर, रंगारी, माल मोजून ठेवणारा भांडारपाल, मजुरीची नोंद करणारा कारकून, पेट्या भरून रेल्वेवर चढविणारा हमाल आणि शेवटी गावोगाव फिरणारा विक्रेता, ही सारी एकाच साखळीची कडी होत. यांतला एक जरी हलगर्जी झाला, तरी शेतात फाळ मोडतो आणि दोष किर्लोस्करांच्या नावावर जातो. अशा साखळीत कोणाचेही काम हलके ठरवून चालत नाही.

पहिल्या महायुद्धाने ही साखळी ताणून पाहिली. परदेशातून येणारे लोखंड, कोळसा आणि रंग यांची आयात आटली. नांगराला मागणी असूनही कच्चा माल मिळेना. लक्ष्मणरावांनी कोकऐवजी लोणारी कोळसा वापरून भट्टी चालविण्याचे प्रयत्न केले, रंग वाडीतच तयार करविला आणि मिळेल तेथून मोडीचे लोखंड गोळा केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. टंचाईच्या त्या वर्षांत कारखान्यातील प्रत्येकाला आपल्या ठरलेल्या कामापलीकडचा विचार करणे भाग पडले. पुढे वाडीची जी प्रगती झाली तिचा पाया या काळात घातला गेला.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’चे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि लोखंडी फर्निचर तयार होऊ लागले. १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्यूगल पंप आणि त्यानंतर डिझेल इंजिने आली. मोटेने पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा केवढा बदल होता, हे निराळे सांगण्याची गरज नाही. याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. पदवीशिवाय यंत्रज्ञ झालेले फळणीकर आणि परदेशी पदवी घेतलेले शंतनुराव या दोघांनाही त्या एकाच कारखान्यात वाव होता.

पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांची कथा तर काकांच्या कथेशी विलक्षण जुळणारी आहे. त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. कारखान्यात चित्रकाराचे काय काम, असा प्रश्न कोणालाही पडला असता. लक्ष्मणरावांना तो पडला नाही. शंकररावांनी जाहिरात आणि विक्रीची बाजू सांभाळली, आणि १९२० मध्ये कारखान्याचे वृत्त देणारे ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील नामवंत मासिक वाढले; पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही नियतकालिकेही निघाली. नांगर ओतणाऱ्या वाडीतून महाराष्ट्राच्या विचारांना वळण देणारी मासिके निघावीत, हे आपल्या औद्योगिक इतिहासातील आगळे उदाहरण आहे. संपादक, चित्रकार, मुद्रक, जुळारी अशी आणखी कितीतरी कामे त्या निमित्ताने त्या माळरानावर उभी राहिली.

वाडीत वाढलेले उद्योग पुढे महाराष्ट्राच्या सीमेबाहेरही गेले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ची स्थापना झाली. तेथे लेथ, म्हणजे यंत्रे घडविणारी यंत्रे, तयार होऊ लागली. १९४६ मध्ये बंगळूर येथे विजेच्या मोटारी बनविणारी ‘किर्लोस्कर इलेक्ट्रिक’ आणि पुण्यात ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ यांचा आरंभ झाला. गुर्लहोसूरच्या मुलाने कोणत्याही एका प्रांताला आपल्या कामाची कुंपणे घातली नाहीत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी माध्यमाची शाळा नेटाने चालविणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला ही गोष्ट विशेष जवळची वाटावी.

उतारवयातही परीक्षा चुकली नाही. १९४८ च्या आरंभी, महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आगी लावण्यात आल्या. लक्ष्मणराव तेव्हा ७९ व्या वर्षाकडे झुकलेले होते. ज्या माणसाने निवडुंग तोडून ते गाव वसविले, त्याच्या हयातीत त्याच्या श्रमाची अशी राख व्हावी, हा मोठाच आघात होता. तरी कारखाना बंद पडला नाही. तो पुन्हा उभा राहिला. भिंती जळाल्या, यंत्रे निकामी झाली, तरी चार दशकांत शिकून तयार झालेली माणसे उरली होती आणि त्यांच्या हातांतील विद्या आगीत जळण्यासारखी नव्हती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

त्यानंतर कारखान्यांचे रूप पालटले आहे. आरेखकाच्या फळ्याची जागा संगणकाने घेतली. लेथ आता आकड्यांच्या आज्ञावलीवर चालतात आणि त्यांना सीएनसी म्हणतात. गुणवत्ता तपासनीस, उत्पादन नियोजक, देखभाल तंत्रज्ञ, सुरक्षा अधिकारी, माल खरेदी आणि पुरवठा पाहणारे अधिकारी अशी पदे निर्माण झाली. आयटीआयमधील फिटर, टर्नर, वेल्डर, मोल्डर, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम, तंत्रनिकेतनातील पदविका, १९६१ च्या कायद्यानुसार मिळणारी शिकाऊ उमेदवारी आणि अभियांत्रिकीची पदवी अशा अनेक दारांतून आज या क्षेत्रात प्रवेश करता येतो. दारे बदलली, पण ओतलेला भाग आकसतो तो पूर्वीइतकाच, आणि चुकीचे माप संगणकाने काढले तरी फाळ मोडायचा तो मोडतोच. मापाचा प्रामाणिकपणा आणि पुढच्या टप्प्यावरील सोबत्याची काळजी यांची गरज कोणत्याही यंत्राने कमी केलेली नाही.

निकालाच्या दिवशी अपेक्षेएवढे गुण न मिळालेला विद्यार्थी आजही आपल्या वर्गांत असतो, आणि आयटीआयला जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे किंचित खालच्या नजरेने पाहणारे पालकही आपल्यात असतात. त्या विद्यार्थ्याने रंग न दिसणाऱ्या लक्ष्मणाची रेषा आठवावी आणि आपल्या हाताला काय साधते ते शांतपणे शोधावे. पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी, ज्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले त्या अनंतराव फळणीकरांना आठवावे. त्यांना यंत्रापाशी उभे राहू देणारा माणूस भेटला नसता, तर किर्लोस्करवाडीला एक कुशल यंत्रज्ञ लाभला नसता. शाळेने शिकवायचे ते शिकवीत राहावेच. पण वर्गात मागे पडलेल्या मुलाच्या हातात काय आहे हे पाहण्याची दृष्टी आपल्याजवळ असली, तर लक्ष्मणरावांचे स्मरण सार्थकी लागेल.